चौतीस पानांचं अ‍ॅग्रीमेंट आणि सिनेमावाल्या वकीलबाई

आधी रेटिंग सांगून टाकतो, सिनेमाचे करार बघणाऱ्या या वकीलबाईंना पाचपैकी चार. एक स्टार कापलाय तो त्यांच्या ज्युनियरने घातलेल्या घोळासाठी आणि प्रत्येक वेळी बाहेर बसवून ठेवतात त्यासाठी, त्याबद्दल खाली लिहितोच. नाव लिहिणार नाही. एकतर वकिलांना आपल्याकडे जाहिरात करता येत नाही, बार कौन्सिलचा नियमच आहे तसा, आणि मॅडमनी स्वतः सांगितलं की कुठे लिहिलंत तर माझं नाव टाकू नका. त्यामुळे झोमॅटोसारखं नाव-पत्ता-फोटो असलं काही इथे मिळणार नाही, पण असा वकील म्हणजे नक्की काय करतो आणि पैसे वसूल होतात का एवढं कळेल.

तर झालं असं की माझी एक जुनी एकांकिका आहे, कॉलेजात असताना लिहिलेली. गावातलं बँडपथक, क्लॅरिनेट वाजवणारा बाप, डीजे आल्यावर सुपाऱ्या बंद झालेल्या, वगैरे. स्पर्धांमध्ये बरी चालली, मग विसरून गेलो आणि मालिकांचे संवाद लिहायला लागलो. मागच्या वर्षाच्या सुरुवातीला अंधेरीच्या एका प्रॉडक्शन हाऊसचा फोन आला की यावर ओटीटीसाठी हिंदी फिल्म करायचीय, कथा आणि पटकथा तुम्हीच लिहा, सहा लाख देतो. मालिकेचे एपिसोड पाडणाऱ्या माणसाला सहा लाख एकरकमी ऐकून काय होतं ते मालिका लिहिणाऱ्यालाच कळेल. शुक्रवारी संध्याकाळी पीडीएफ आली, चौतीस पानं, आणि खाली एक ओळ की सोमवारी साइन करून पाठवा म्हणजे पहिला चेक काढतो. शुक्रवार संध्याकाळ आणि सोमवार, हे मुद्दाम करतात असं मला नंतर कळलं, तेव्हा वाटलं किती प्रॉम्प्ट लोक आहेत.

माझा मामा कल्याण कोर्टात वकिली करतो, तीस वर्षं झाली, जमिनीच्या केसेसमध्ये त्याचा हात कोणी धरणार नाही. त्याच्याकडे प्रिंट घेऊन गेलो. त्याने चष्मा लावून पहिलं पान, शेवटचं पान आणि पैशाचं पान वाचलं आणि म्हणाला, "अरे पाचशेच्या स्टॅम्पवर कर म्हणावं त्यांना, आता शंभरचा चालत नाही, बाकी ऑफर चांगली आहे, कर सही." सातबाऱ्याचा वकील सिनेमाचं अ‍ॅग्रीमेंट वाचतो तेव्हा पैसे बुडणार नाहीत ना एवढंच बघतो, आणि त्यात त्याची चूक नाही. मीही सही करणारच होतो. पण बायको म्हणाली सहा लाखाचं काम आहे तर पाच हजार घालवून एकदा त्यातल्या माणसाला दाखव की. एका एडिटर मित्राने नंबर दिला.

ऑफिस वीरा देसाई रोडच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. मी डोळ्यासमोर काळा कोट आणि लाल कपड्यात बांधलेल्या फायली धरून गेलो होतो, तर तिथे दोन लॅपटॉप, एक मोठी स्क्रीन आणि भिंतीवर एकही पोस्टर नाही. सिनेमाचा वकील म्हणजे भिंतीवर हिरो-हिरोइनबरोबर फोटो असणार असं मला का वाटलं होतं देव जाणे. पन्नास मिनिटं बाहेर बसवलं. अपॉइंटमेंट अकराची होती हां.

आत गेल्यावर मॅडमनी अ‍ॅग्रीमेंटला हातच लावला नाही. आधी विचारलं, "ही एकांकिका तुम्ही एकट्याने लिहिलीय का?" मी म्हटलं हो. "अगदी एकट्याने? संवाद, गाणी, सगळं?" तेव्हा मला आठवलं की शेवटचा प्रसंग आणि मधली बरीच भांडणं माझ्या एका मित्राने लिहिली होती, हॉस्टेलच्या गच्चीवर बसून आम्ही दोघांनी मिळून केलं होतं ते. स्पर्धेच्या फॉर्मवर फक्त माझं नाव होतं कारण पन्नास रुपये मी भरले होते. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "मग ही कथा तुम्ही एकटे विकू शकत नाही, आणि या अ‍ॅग्रीमेंटमध्ये तुम्ही लिहून देताय की ती तुमच्या एकट्याची आहे, आणि उद्या कोणी दावा केला तर प्रोड्यूसरचं होणारं सगळं नुकसान तुम्ही भरून द्याल."

सगळं नुकसान म्हणजे किती? आकडा नव्हता. फिल्म थांबली तर फिल्मचं सगळं बजेट. माझ्या डोंबिवलीच्या वन बीएचकेवर अजून लोन आहे.

याला म्हणतात चेन ऑफ टायटल. कथा पहिल्यांदा कागदावर कोणी उतरवली तिथपासून ते आज विकणाऱ्यापर्यंत प्रत्येक हस्तांतराचा कागद हवा. ओटीटीवाले फिल्म घेताना आधी हीच फाइल मागतात, आणि अशा वकिलांचं निम्मं काम ही फाइल बनवण्याचं असतं. मामाला नंतर हे समजावलं तर तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्हणजे सर्च रिपोर्टच की रे! फेरफार बघितल्याशिवाय जमीन घेतं का कोणी?" तोच तो मामा, पण त्याला गोष्ट ही जमिनीसारखी असते हे माहीत नव्हतं, आणि मला जमीन कशी असते ते.

मग मी गेलो इचलकरंजीला. मित्राचं तिथे हार्डवेअरचं दुकान आहे, आठ वर्षांत फोन नाही की काही नाही, आणि आता मी बॅगेत एनओसी घेऊन दारात. तो पीव्हीसी पाइप मोजत होता. चहा मागवला, कागद वाचला, आणि म्हणाला, "मर्दा, आठ वर्षांनी आलास ते सही घ्यायला व्हय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडमनी निघताना बजावलं होतं की फुकट सही घेऊ नका, मैत्रीखातर तर अजिबात नाही, योग्य रक्कम द्या आणि त्याचं नाव क्रेडिटमध्ये लिहून द्या, कारण फुकट दिलेल्या सहीचा पश्चात्ताप ट्रेलर बघितल्यावर होतो. तेव्हा मला ते फार वकिली वाटलं होतं. दुकानात उभा राहिल्यावर कळलं की कायद्यापेक्षा माणसाचं बोलल्या त्या. साठ हजार आणि 'मूळ एकांकिका' म्हणून दोघांची नावं, असं ठरलं. त्याने सही केली आणि मला एक टेप पण दिला, मोजायचा, गिफ्ट म्हणून. अजून वापरतो.

आता अ‍ॅग्रीमेंटबद्दल. दुसऱ्या मीटिंगला त्यांनी ओळ न ओळ वाचून मराठीत सांगितली, दोन तास, आणि हा भाग पाचपैकी सहा स्टारचा आहे.

हक्क दिलेत ते 'कायमचे आणि संपूर्ण विश्वात'. मला वाटलं जोक आहे. नाही, खरंच विश्वात, पृथ्वी पुरत नाही. मॅडम म्हणाल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ मध्ये लिहिलंय की करारात मुदत नसेल तर पाच वर्षं धरायची आणि प्रदेश नसेल तर फक्त भारत धरायचा, म्हणून तर हे लोक विश्व आणि कायमचं लिहून घेतात. त्याच कलमात अजून एक आहे, हक्क घेऊन वर्षभर काही केलंच नाही तर हक्क लेखकाकडे परत. भारी ना? पण पुढे आहे, 'करारात वेगळं लिहिलं नसेल तर'. आणि पान अकरावर वेगळं लिहिलेलंच होतं. म्हणजे कायदा जे एका हाताने देतो ते पान अकरावर दुसऱ्या हाताने काढून घेतलेलं, आणि मामासकट कोणालाच पान अकरा दिसलं नव्हतं. मॅडमनी तीस महिने मागितले, म्हणजे तीस महिन्यांत शूटिंग सुरू नाही झालं तर कथा माझ्याकडे परत. शेवटी छत्तीसवर ठरलं.

पण माझा जीव ज्यात अडकला तो क्लॉज दुसराच. सगळ्या माध्यमांतले हक्क असं लिहिलं होतं आणि माध्यमांची यादी दीड पान, त्यात मधेच कुठेतरी एक शब्द, रंगमंच. म्हणजे मी ती सही केली असती तर उद्या एखाद्या कॉलेजच्या पोरांना माझीच एकांकिका करायची असती तरी मी हो म्हणू शकलो नसतो, अंधेरीच्या ऑफिसात परवानगी मागायला लागली असती. आपल्याकडे नाटकात कसं असतं, लेखकाचं मानधन प्रयोगामागे, प्रयोग झाला की लेखकाचं पाकीट, आणि नाटक लेखकाचंच राहतं, दहा वर्षांनी दुसऱ्या निर्मात्याने करायचं म्हटलं तर लेखकालाच विचारायला येतात. त्या सवयीने मी सिनेमाचा कागद वाचत होतो, आणि सिनेमात सगळं एकदम उचलून नेतात हे डोक्यातच नव्हतं. मॅडमनी रंगमंच आणि पुस्तक हे दोन्ही हक्क बाहेर काढून घेतले. गंमत म्हणजे समोरच्यांनी यावर पाच मिनिटंसुद्धा वाद घातला नाही, त्यांना नको होतेच ते, टेम्प्लेटमध्ये होते म्हणून आले होते. कोणी विचारलं नाही तर असंच जातं.

रॉयल्टीचं मात्र सरळ नाही. २०१२ साली कायद्यात बदल झाला, जावेद अख्तर राज्यसभेत होते तेव्हा, त्यांनी ते लावून धरलं होतं, आणि त्यात आलं की फिल्ममध्ये घेतलेल्या साहित्यकृतीच्या आणि संगीताच्या लेखकाने थिएटरबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला आपला अर्धा वाटा सोडून द्यायचा म्हटलं तरी देता येत नाही, वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला, देता येतो तेवढाच. आणि तरी माझ्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये ठळक अक्षरात की लेखक सर्व रॉयल्टी सोडत आहे. मी म्हटलं हे बेकायदेशीर ना मग? त्या म्हणाल्या ती ओळ टिकणार नाही, पण ती तिथे असली की लेखक मागायला जात नाही, तिचं काम तेवढंच आहे. समोरचा वकील ती ओळ काढायला तयार नाही झाला. मग मॅडमनी मागे जोडलं, 'कायद्याने जे सोडता येत नाही ते वगळून'. मला हे पाकिटावर चिकटवलेल्या जास्तीच्या तिकिटासारखं वाटलं. उपयोग होईल का, बघू. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस नावाची तशी सोसायटी आहे, त्यांच्या खात्यात काहीतरी पडत राहतं, पटकथावाल्यांचा तो रस्ता अजून खडबडीतच आहे, आणि हे मॅडमनीच स्पष्ट सांगितलं, उगाच स्वप्नं दाखवली नाहीत.

बाकी छोटं छोटं बरंच. पैसे सहा हप्त्यांत आणि प्रत्येक हप्ता 'ड्राफ्ट मान्य झाल्यावर', आता मान्य कधी होणार ते त्यांच्या मर्जीवर, तर तिथे घातलं की पंधरा दिवसांत काही कळवलं नाही तर मान्य समजायचं. या एका ओळीने मला आत्तापर्यंत दोन हप्ते वेळेवर मिळालेत, मालिकेत चार-चार महिने थकलेल्या माणसाला याची किंमत विचारा. ड्राफ्ट कितीही वेळा लिहून देईन असं होतं ते तीनवर आणलं. नुकसानभरपाईला मला मिळालेल्या मानधनाएवढी मर्यादा. क्रेडिट 'निर्मात्याच्या इच्छेनुसार' होतं ते पक्कं करून घेतलं.

जे जमलं नाही ते पण सांगतो. रिमेक आणि सिक्वेलमध्ये आम्ही बरंच मागितलं आणि किरकोळ मिळालं. मी 'सैराट'चं उदाहरण दिलं, २०१६ चा मराठी सिनेमा आणि दोन वर्षांत कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदी, पाच भाषांत रिमेक, तर मॅडम हसून म्हणाल्या, "तुमचा आधी एका भाषेत होऊ दे." नफ्यातल्या टक्क्यांबद्दल तर म्हणाल्या की त्यावर माझी फी वाया घालवू नका, निव्वळ नफा नावाचा प्राणी कागदावरच राहतो.

सहा आठवडे गेले या सगळ्यात. सोमवारी मिळणारा चेक दीड महिन्याने मिळाला, आणि मधे एकदा प्रॉडक्शन हाऊसमधून फोन आला की एवढ्याशा कामाला वकील कशाला मध्ये घातलात, आमचा तुमच्यावर विश्वास आहे. त्या रात्री मला झोप नाही लागली. दुसऱ्या दिवशी मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, विश्वास आहे तर चौतीस पानं कशाला पाठवली. बरोबर आहे, पण चेक माझा अडकला होता, त्यांचा नाही. ज्याला घरभाडं याच चेकमधून द्यायचंय त्याने हे डोक्यात ठेवूनच जावं.

आणि ज्युनियरचा घोळ. फायनल ड्राफ्ट म्हणून जी फाइल आली तिच्यात पान सातवर माझ्या नावाऐवजी भलत्याच कोणातरी गायिकेचं नाव. म्हणजे दुसऱ्या क्लायंटचा कागद वापरून माझा बनवलेला. मी पकडलं म्हणून बरं. मॅडमनी माफी मागितली, पण मला नंतर कितीतरी दिवस प्रश्न पडत होता की माझं नाव कोणाच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये फिरत असेल. शिवाय सगळे मेल इंग्रजीत, व्हॉट्सअपला रिप्लाय दोन-दोन दिवसांनी, तोही एक अंगठा.

आता दुसरा किस्सा, ज्यामुळे चौथा स्टार टिकलाय. सही झाल्यावर सात-आठ महिन्यांनी एका फिल्मचा ट्रेलर आला. बँडवाला बाप, डीजे, मुलीचं लग्न. मी थरथर कापायला लागलो. त्या फिल्मच्या कोणालातरी मी पूर्वी एकांकिका वाचायला दिली होती असं मला आठवायला लागलं, दिली होती की नाही हे आजही खात्रीने सांगता येणार नाही, पण त्या रात्री पक्की दिली होती. सकाळी मॅडमकडे गेलो की केस टाकायची, रिलीज थांबवायचं.

त्यांनी सांगितलं घरी जा आणि दोन्हींत काय काय सारखं आहे ते लिहून आणा. मी अकरा मुद्दे नेले. त्यांनी पेन घेऊन एकेक खोडला. बँडवाला? सगळ्यांचा. डीजे आल्यावर धंदा बसणं? पेपरात येतं. मुलीच्या लग्नात बाप शेवटचं वाजवतो? हे तर कोणालाही सुचेल. खोडत खोडत एकच राहिला, क्लॅरिनेट सोसायटीकडे गहाण टाकण्याचा, आणि तो ट्रेलरमध्ये दिसत नव्हता, मी गृहीत धरला होता. मग त्यांनी १९७८ ची सुप्रीम कोर्टाची एक केस सांगितली, आर. जी. आनंद नावाच्या नाटककाराची. त्यांचं 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक, त्यावरून १९५६ चा 'न्यू दिल्ली' सिनेमा उचलला असा दावा. त्यांनी नाटक निर्मात्याला स्वतः ऐकवलं होतं, आणि तरी ते हरले, कारण कोर्ट म्हणालं की कल्पनेवर, विषयावर कोणाची मालकी नसते, ती कशी मांडली त्यावर असते. वीस वर्षांहून जास्त भांडून माणूस हरला. माझ्याकडे तर वाचायला दिल्याचा एक मेलही नाही.

आणि रिलीजच्या तोंडावर कोर्टात धावण्याबद्दल म्हणाल्या की मुंबई हायकोर्टाला आता याचा वैताग आलाय, २०१७ ला 'फिल्लौरी' या हिंदी सिनेमाच्या वेळी कोर्टाने यावर चांगलंच सुनावलं होतं. मी चिडलो होतो हे कबूल करतो. मला वाटलं या त्यांच्याच बाजूच्या आहेत, एवढ्याशा इंडस्ट्रीत सगळे एकमेकांना ओळखतात. पण विचार केला तर केस टाकली असती तर यांना लाखांत फी मिळाली असती, नाही टाकली म्हणून एका तासाचे पाच हजार मिळाले. ती फिल्म मी नंतर बघितली, माझ्या गोष्टीशी काही संबंध नाही, आणि वाईट आहे.

तिथे बाहेर बसून बसून यांच्याकडे अजून काय काय येतं ते कळलं. जाहिरातीत जुन्या गाण्याच्या दोन ओळी वापरायच्या तर गाण्याची परवानगी वेगळी आणि त्या रेकॉर्डिंगची वेगळी. सेन्सॉरवर अपील करायचं तर पूर्वी त्यासाठी वेगळं ट्रिब्युनल होतं, ते २०२१ ला बंद झालं, आता थेट हायकोर्ट. आणि हल्ली आवाजाचे हक्क, चेहऱ्याचे हक्क. २०२३ ला अनिल कपूरने दिल्ली हायकोर्टातून आपलं नाव, चेहरा, आवाज आणि 'झकास' सुद्धा परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला बंदी आणली. झकास! आपण शाळेत असल्यापासून म्हणतोय. अर्थात बोलायला बंदी नाही, टी-शर्टवर विकायला आहे. २०२४ ला अरिजित सिंगने मुंबई हायकोर्टात एआयने बनवलेल्या आपल्या आवाजाविरुद्ध आदेश मिळवला. आता डबिंग आर्टिस्टसुद्धा येतात म्हणे विचारायला, की आमच्या करारात आवाजाचं काय लिहिलंय.

खर्च. पहिली भेट पाच हजार, अ‍ॅग्रीमेंटचं सगळं मिळून पंचेचाळीस हजार ठोक, निम्मे आधी. मी विचारून बघितलं होतं की मला मिळतील त्यातले टक्के घ्या ना, अमेरिकेत म्हणे असे वकील पाच टक्के घेतात. तर इथे तसं चालत नाही, निकालावर किंवा मिळकतीवर फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. म्हणजे डील फिसकटलं तरी पंचेचाळीस गेलेच. मित्राचे साठ धरले तर सहा लाखांतले एक लाख दहा हजार सहीपाशीच संपले. दोन-पाच हजारांचं काम असेल तर नका जाऊ, स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे मेंबर व्हा, तिथे मेंबरांना कायदेशीर सल्ला मिळतो, आणि स्क्रिप्ट रजिस्टर करा. ते रजिस्ट्रेशन म्हणजे कॉपीराइट नव्हे हां, तो लिहिल्या क्षणी आपोआप असतो, रजिस्ट्रेशन फक्त तारखेचा पुरावा. सरकारी कॉपीराइट रजिस्ट्रेशन वेगळं, साहित्याला पाचशे रुपये फी, ते मी केलं, मित्राचं नाव घालून.

फिल्मचं अजून काही नाही. तिसरा ड्राफ्ट गेलाय, हिरो ठरत नाहीये, छत्तीस महिने मोजतोय. मागच्या महिन्यात सांगलीच्या एका कॉलेजच्या पोरीचा फोन आला, सर तुमची बँडवाली एकांकिका युवा महोत्सवात करायचीय, परवानगी कोणाकडून घ्यायची? मी म्हटलं माझ्याकडून, आणि इचलकरंजीला एक फोन कर. मानधन पाचशे आलं, जीपेवर. अडीचशे त्याला पाठवले.